सतरावा नमुना

लॅबमध्ये नवी तपासणी सुरू करायची म्हणजे आधी वीस निरोगी माणसं शोधावी लागतात, आणि निरोगी माणूस सापडणं वाटतं तितकं सोपं नसतं. ज्याला त्याला वाटतं आपण ठणठणीत आहोत. कागद पुढे केला की एकेक बाहेर येतं. कुणी दिवसाला चार सिगारेटी ओढतो, कुणाला गेल्याच आठवड्यात ताप येऊन गेलेला असतो, कुणी वर्षभर गुडघ्याच्या गोळ्या खातो आणि ते औषध आहे हे त्याच्या गावीही नसतं.

त्या वर्षी लॅबमध्ये सीआरपीचं नवं किट आलं. सीआरपी हे रक्तातलं एक प्रथिन. अंगात कुठे सूज असली, आग धुमसत असली, की यकृत ते जास्त तयार करतं. जुनं किट ताप-न्यूमोनियासारख्या मोठ्या भडक्यांसाठी ठीक होतं. नवं मात्र अगदी थोडं प्रमाणही पकडत होतं, आणि हृदयाच्या डॉक्टरांना तेच हवं होतं. रक्तवाहिन्यांना आतून वर्षानुवर्षं मंद सूज असेल तर हा आकडा एकच्या खाली थांबत नाही, कधी तीनच्याही वर जातो. मधुमेह असलेल्यांत तर त्याच्याकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. सूज कुठे आहे ते तो सांगत नाही. आहे, एवढंच सांगतो.

किटबरोबर आलेल्या माहितीपत्रकात निरोगी माणसाचं प्रमाण, म्हणजे रेंज, छापलेलं होतं. पण छापलं म्हणून मानायचं नाही, आपल्या मशीनवर आपल्या भागातल्या माणसांचं रक्त लावून ते खरं उतरतं का पाहायचं, असा नियम. वीसपैकी दोन नमुने बाहेर गेले तर चालतात. तिसरा गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे काम लॅबप्रमुख मोठ्या मॅडमनी त्यांच्या जुन्या टेक्निशियनकडे, तिच्याकडे सोपवलं, कारण सोळा वर्षांत तिच्या हातून एकही नळी बदलली गेली नव्हती आणि तिच्या कागदावर खाडाखोड म्हणून नसे.

सोळा माणसं झाली. सतरावा लिफ्ट दुरुस्त करायला आलेला कारागीर होता. रक्त देऊन झालं, कापूस दाबत तो उठला आणि म्हणाला, "बाई, सिगारेट ओढता का, असं विचारलंत ना मघाशी. पाइप त्यात धरतात का?"

म्हणजे सतरावा गेला. अठरा, एकोणीस, वीस संध्याकाळी मिळाले, सतराव्याची जागा रिकामीच राहिली. दुसऱ्या दिवशी सगळे नमुने मशीनवर लावायचे होते.

सतरावा गेला त्याच दिवशी सकाळी, कामावर येण्याआधी, ती आईबाबांकडे गेली होती. दर तीन महिन्यांनी बाबांचं उपाशीपोटीचं रक्त तीच घ्यायची. अकरा वर्षं त्यांना मधुमेह होता, आणि अकरा वर्षं त्यांनी तो असा सांभाळला होता, जशी कुणी दुसऱ्याची वस्तू सांभाळावी. एका वहीत रोजची शुगर लिहायचे. चाळीस मिनिटं चालणं, मोजून खाणं, गोळी वेळेवर. तीन महिन्यांची सरासरी कधी साडेसहाच्या वर गेली नाही. डॉक्टरीणबाई नव्या रुग्णांना त्यांचं उदाहरण देतात, हे त्यांनी आल्यागेल्याला निदान दोनदा तरी सांगितलेलं असे.

त्यांचं काम वजनकाटे दुरुस्त करायचं. दागिनेवाल्यांचे काचेच्या पेटीतले तराजू, औषधवाल्यांचे, गोदामांतले माणूस उभा राहील एवढे मोठे काटे. दुकान खाली होतं, वर लाकडी माळा. काटा तपासायची पितळी वजनं मखमलीच्या खणांत असत आणि ती चिमट्याने उचलायची. बोटाचा तेलकटपणा लागला तरी वजन बदलतं, असं ते म्हणत. काटे तपासून शिक्का मारायला वर्षातून एकदा सरकारी इन्स्पेक्टर येई, आणि घरी त्यांच्या ताटात डोकावणारी मुलगी म्हणून तिचं नाव पडलं होतं इन्स्पेक्टरबाई.

"आलात, इन्स्पेक्टरबाई," दंड पुढे करून त्या सकाळी ते म्हणाले होते. "घ्या. पण पावती द्या."

"पावती संध्याकाळी. नीट बसा."

"अगं, एवढं काढतेस ते सगळं वापरता तरी का? उरलेलं परत देत जा."

"उरलेलं ओतून देतो."

"बघ," ते आईला म्हणाले. "अकरा वर्षं मी गटाराला रक्तदान करतोय."

त्या उरलेल्यातूनच तिने सतरावी नळी भरली. फार विचार केला असंही नाही. फ्रीजमध्ये रक्ताचं पाणी, म्हणजे सीरम, तयार होतं, जागा रिकामी होती, वेळ संपत आला होता. कागद मात्र भरावाच लागला. वय त्रेसष्ट. तंबाखू नाही. पंधरा दिवसांत ताप नाही. मधुमेह, पुढे दोन चौकोन, आहे आणि नाही. तिथे पेन थांबलं. सकाळचा रिपोर्ट तिच्यासमोर होता. उपाशीपोटी शहाण्णव, सरासरी सहा पूर्णांक तीन. उपाशीपोटीचा आकडा तर मधुमेह नसलेल्या माणसाला शोभेल असा. आपल्या बाबांना निरोगी माणसांच्या रांगेत बसवायला तिला मनातून आवडलं, हे खरं कारण. तिने 'नाही'वर खूण केली. नावाच्या जागी नुसता आकडा लिहायचा होता, तो लिहिला.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू झालं. शून्य पूर्णांक चार, शून्य पूर्णांक नऊ, एक पूर्णांक दोन, असे एकामागून एक आकडे पडू लागले. शेजारच्या टेबलावरचा गुणगुण्या, त्याला सगळे तेच म्हणत कारण तो दिवसभर नाकातून गात असे, स्क्रीनपाशी उभा होता.

"तुमचा सतरा पेटलाय," तो म्हणाला.

सात पूर्णांक नऊ.

तिने तोच नमुना पुन्हा लावला. सात पूर्णांक आठ. तेवढ्यात मोठ्या मॅडम हातात चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हा कोण?"

"ओळखीतले आहेत."

"ताप-बीप?"

"शिंका येत होत्या," ती म्हणाली. एक शिंक आली होती खरी, दुकानात धुळीने भरलेला काटा उघडताना. आदल्या आठवड्यात.

"मग ठेवतेस कशाला? काढून टाक आणि दुसरा घे. दोनच बाहेर गेलेले चालतात, त्यातला एक सर्दीवर कशाला घालवायचा?"

तिने सतरा नंबरवर आडवी रेघ मारली. बाजूला 'वगळले, सर्दी' असं लिहून सही केली. दुपारी समोरच्या औषधाच्या दुकानातली मुलगी येऊन रक्त देऊन गेली. शून्य पूर्णांक सहा. रेंज नीट बसली, मॅडमनी सही केली, फाइल कपाटात गेली.

पण ती काही बिनडोक नव्हती. दोन आठवड्यांनी तिने बाबांचं रक्त पुन्हा घेतलं. नळीवर लेबल बरोबर आहे की नाही शंका आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, "तुझी नळी चुकली? आज दिनदर्शिकेत लिहून ठेवतो." आकडा आला सात पूर्णांक चार. ना ताप, ना खोकला, ना कुठे जखम.

जेवणाच्या सुटीत ती तो आकडा घेऊन एकटीच बसली. कुठून येतंय हे? मग तिला आठवलं की बाबांच्या ब्रशवर रक्त दिसतं, आई त्यावरून कटकट करते. हिरड्या. मधुमेहात हिरड्या सुजतात, सुजलेल्या हिरड्या सीआरपी वाढवतात, हे तिने कितीदा वाचलं होतं. उत्तर इतकं नेमकं बसलं की तिला हायसं वाटलं. पुढे काही पाहायची गरजच उरली नाही.

आता बाबांना काय सांगायचं? आकडा सांगायचा तर तो कुठून आला हे सांगावं लागणार. ते दुसऱ्याच दिवशी वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाणार, त्या म्हणणार रिपोर्ट दाखवा, आणि रिपोर्ट कुठे होता? निरोगी माणसांच्या फाइलमध्ये, खोट्या खुणेखाली, मॅडमच्या सहीसकट. शिवाय त्यांचा हिरमोड. अकरा वर्षांची वही एकीकडे आणि हा एक आकडा एकीकडे. तिने ठरवलं, हिरड्यांचं आधी उरकू, मग तिसऱ्यांदा पाहू. उतरला तर प्रश्नच मिटला. नाही उतरला तर सांगू.

ती म्हणाली, "बाबा, दातवाल्याला दाखवून या."

"दात माझे आहेत ना? मग त्याला काय दाखवायचे, त्याने काय दात पाहिले नाहीत?"

"शुगरला हिरड्या सांभाळाव्या लागतात."

शुगरसाठी म्हटलं की ते काहीही करत. दातवाल्याने हिरड्या साफ केल्या, डाव्या बाजूची खालची एक दाढ हलत होती ती काढली. बाबांनी ती कागदात बांधून आणली आणि नाजूक तराजूवर तोलून आईला वजन सांगितलं.

तिसरी तपासणी मात्र राहिली. आधी मशीन बंद पडलं, मग तिची रजा, मग तिच्या लेकीच्या परीक्षा. आठवण यायची, नाही असं नाही. रस्त्यात यायची, भांडी घासताना यायची. दाढेची जखम पुरती भरली नसेल, अजून पंधरा दिवस जाऊ देत म्हणजे आकडा खरा येईल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग पुन्हा पंधरा दिवस.

दीड महिन्याने बाबांचा फोन आला. "इन्स्पेक्टरबाई, त्या दातवाल्याने काहीतरी आत ठेवलंय. जबडा ठणकतो."

"दाढ काढली त्याच बाजूला?"

"त्याच. डावीकडे."

"कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. चार दिवसांत थांबलं नाही तर त्याच्याकडे जाऊन या."

कोणत्या बाजूला हे तिने विचारलं. कधी दुखतं हे विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नीट सांगितलं असतं, कारण नीट सांगणं हा त्यांचा स्वभाव. माळ्याचा जिना चढलं की दुखतं, मोठी वजनं उचलली की दुखतं, खुर्चीवर पाच मिनिटं टेकलं की थांबतं. हे सगळं ते आईला सांगत होते. आई त्यांना दिवसातून तीनदा मिठाचं पाणी करून देत होती.

दहा दिवसांनी, बुधवारी, ते नाश्ता झाल्यावर गाल धरून बसून राहिले. आई म्हणाली, "गाल धरून बसायला लहान आहात का? त्या गोदामवाल्याने दोनदा माणूस पाठवला. आज काटा दिला नाहीत तर तो येऊन माझ्याच डोक्यावर बसेल. उठा बघू."

ते उठले. दुकानात गेले. गोदामाचा काटा तपासायला वीस-वीस किलोची वजनं लागतात, ती त्यांनी एकेक करून चढवली असावीत, कारण चार काट्यावर होती आणि पाचवं जमिनीवर. चार वाजता शेजारचा कुलुपवाला चहाला बोलवायला गेला तेव्हा ते खुर्चीत होते. हृदय बंद पडलं, असं दवाखान्यात सांगितलं. छातीत दुखलं म्हणाले होते का, असंही विचारलं. आई म्हणाली, नाही, दाढ दुखत होती.

त्यानंतर घरात माणसं येत राहिली आणि आई प्रत्येकाला तेच सांगत राहिली. "मीच पाठवलं त्यांना. ते उठत नव्हते. मी उठवलं." लोक म्हणत, असं मनाला लावून घेऊ नका. आई म्हणे, "लावून कशाला घेऊ? झालं ते सांगतेय." तीस वर्षं तिने टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. निरोप जसाच्या तसा द्यायचा, त्यात आपलं घालायचं नाही, ही तिची सवय. आता हा एकच निरोप ती सगळ्यांना जोडून देत होती.

माणसं यायची थांबली. महिना झाला. एका रविवारी ती आईकडे गेली तर ओट्याजवळच्या खिडकीत आईच्या गोळ्यांचा डबा तसाच भरलेला. सोमवार ते रविवार, सात खण, सातही भरलेले. आईला सहा वर्षांपासून मधुमेह होता.

"आई, गोळ्या घेतल्या नाहीस?"

"नाही."

"आठवडाभर?"

"तीन आठवडे झाले."

"आणि शुगर? पाहिलीस का?"

"ते यंत्र खणात टाकलंय. तुला हवं असेल तर घेऊन जा."

"आई, असं कसं चालेल."

आई बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "मला एक सांग. तू शिकलेली आहेस, रोज हजार माणसांचं रक्त बघतेस. त्यांचा कुठला आकडा वाईट होता? शुगर चांगली, बीपी चांगलं, ते कोलेस्टेरॉल का काय ते चांगलं. वही वाच. अकरा वर्षांत एक तरी आकडा वाईट दाखव. मग मी गोळ्या घेते."

तिने सोललेले बटाटे पाण्यात टाकले.

"नाही ना? मग आकडे चांगले असून माणूस जातो आणि वाईट असूनही जातो. मी कशाला टोचून घेऊ?"

ती बटाट्याची सालं गोळा करून डब्यात टाकायला गेली. परत आली तेव्हा विषय संपला होता. पण तो संपला नव्हता, हे तिचं तिला ठाऊक होतं. आईने पुरावा मागितला होता, आणि पुरावा तिच्याकडे होता.

आठवडाभर ती तो घेऊन फिरली. मग बाबांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या निवृत्तीला आल्या होत्या, खोलीत जुन्या फायलींचा वास. तिने सगळं सांगितलं, खुणेपासून. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नुसत्या त्या आकड्यावरून मी कुणाच्या हृदयाचं काही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तो कशानेही वाढतो. हिरड्यांनीही वाढतो, तू म्हणालीस ते चूक नाही."

"पण?"

"पण शुगरचा माणूस, साठी उलटलेली, दोनदा सातच्या वर. मी त्यांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख काढला असता. एखादी गोळी सुरू केली असती. आणि चढताना जबडा दुखतो असं कानावर आलं असतं, तर त्याच दिवशी भरती. शुगर असली की पुष्कळदा छातीत दुखतच नाही गं. दुसरीकडेच कुठेतरी दुखतं, नाहीतर नुसता थकवा येतो."

"वाचले असते?"

"ते मला विचारू नकोस. हो म्हटलं तर तू जन्मभर तेच उगाळशील. नाही म्हटलं तर तुझा विश्वास बसणार नाही." मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, "संधी होती. एवढं म्हणते."

दाराशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "आईंना माहीत आहे?"

"नाही."

"त्यांची तपासणी थकली आहे. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलून 'राँग नंबर' म्हणून ठेवला. त्यांचा आवाज न ओळखायला मी काय आज ओळखते त्यांना?"

पुढच्या रविवारी ती सकाळीच गेली. आई इस्त्री करत होती. बाबांचे शर्ट होते. कुणाला तरी द्यायचे म्हणून काढले होते, आणि द्यायचे तर चुरगळलेले कसे द्यायचे. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"तू मागच्या वेळी विचारलंस ना," ती म्हणाली, "एक तरी आकडा वाईट दाखव म्हणून."

आईने इस्त्री उभी करून ठेवली.

"एक होता."

मग तिने सांगितलं. वीस माणसं, रिकामी जागा, ओतून द्यायचं रक्त, कागदावरची खूण. सर्दी म्हणून मारलेली रेघ. दुसरी नळी. हिरड्या. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण रिपोर्ट वाचावा तसं बोलतोय, पण दुसऱ्या कुठल्या आवाजात तिला ते सांगता आलं नसतं. आई मध्ये एकदाही बोलली नाही. समोरचा गप्प झाला तरी तो लाइनवर आहे की निघून गेला, हे आईला आयुष्यभर कळत आलं होतं. आज तिच्या गप्प बसण्यातून मुलीला काही कळत नव्हतं.

"किती होता?" आईने शेवटी विचारलं.

"आधी सात पूर्णांक नऊ. मग सात पूर्णांक चार."

"आणि असायला किती हवा?"

"एकच्या आत चांगला. तीनच्या वर काळजीचा."

"म्हणजे दोनदा पाहिलास."

"हो."

"म्हणजे तुला शंका आली होती."

"हो."

आईने पुढचा शर्ट घेतला, कॉलर सरळ केली, पण इस्त्री उचलली नाही. "मी मिठाचं पाणी देत होते," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशीही दिलं. गरम जास्त झालंय म्हणाले, तर म्हटलं फुंकून घ्या."

"आई, ते तुझ्यामुळे नाही. दाढेचं मी डोक्यात घातलं सगळ्यांच्या. तू पाठवलंस म्हणून काही... तू पाठवलं नसतंस तरी..."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"त्या म्हणतात नुसत्या आकड्यावरून नक्की सांगता येत नाही."

"त्यांचं राहू दे. तू काय म्हणतेस?"

"मी सांगायला हवं होतं."

"हो," आई म्हणाली.

तिला वाटलं होतं आई रडेल, किंवा बोलेल, किंवा निदान असं काही म्हणेल जे आल्यागेल्यांनी आईला म्हटलं होतं. मनाला लावून घेऊ नकोस, असं काहीतरी. आई खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं.

"त्यांना कळलं असतं ना," आई म्हणाली, "तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं दार उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसले असते. वही घेऊन. त्यात नवा रकाना आखला असता." आई खिडकीकडून वळली. "तुला भीती कसली होती? रागावले असते म्हणून? तुझ्यावर कधी रागावले ते? चार लोकांना सांगत सुटले असते, आमच्या इन्स्पेक्टरबाईंनी बरोबर पकडलं म्हणून."

तिने मान खाली घातली. पलंगावर पडलेल्या बाबांच्या शर्टाच्या बाहीवर काट्यांच्या तेलाचा एक डाग होता, धुऊन फिकट झालेला, गेलेला नव्हता. ती त्याच्यावर अंगठा फिरवत राहिली.

"दे तो इकडे," आई म्हणाली. शर्ट घेऊन तिने घडी घातली. "मी गोळ्या सुरू करते. उद्या रक्तही देते."

"मी सकाळी सातला येते. रात्री नऊनंतर काही खाऊ नकोस. नळ्या मी..."

"तू नको."

उठू लागलेली ती परत पलंगावर बसली.

"चौकातल्या लॅबमध्ये जाईन. पायी जाता येतं." आईच्या आवाजात राग नव्हता. नंबर चुकलाय हे एखाद्या अनोळखी माणसाला सांगावं तसा, सभ्य. "तुझ्या हाताला मी नावं ठेवत नाही. हलका आहे तुझा हात. पण माझा आकडा मला कळू दे आधी."

सोमवारी तिने मोठ्या मॅडमनाही सांगितलं. मॅडमनी फाइल काढायला लावली, कागद पाहिला, रेघ पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "रेंजला काही धक्का नाही. तो नमुना तू काढलाच होतास. तुझे बाबा रेंजमध्ये नाहीत म्हणूनच ती बरोबर आहे." त्यांना दिलासा द्यायचा होता. वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांनी नजर कागदाकडे वळवली. मग त्यांनी कागदाच्या तळाशी दुरुस्ती लिहायला सांगितली, तारीख घालून. यापुढे नव्या तपासण्यांचं काम गुणगुण्याकडे जाईल, असंही म्हणाल्या, आवाज न चढवता. गुणगुण्या त्या दिवशी गायला नाही. चहा मात्र त्याने न मागता तिच्यासमोर आणून ठेवला.

आई चौकातल्या लॅबमध्ये गेली, हे तिला शेजारणीकडून कळलं. डॉक्टरीणबाईंकडे गेली, हेही तसंच. फोनवर आई बोलायची. भाजी, पाणी, नातीची शाळा. "शुगर कशी आहे?" विचारलं की "आहे ठीक" म्हणायची. रिपोर्ट दिसला नाही. तिने मागितला नाही. दिवसाला चारशे अनोळखी माणसांचे आकडे तिच्या नजरेखालून जात होते.

दीड महिन्याने ती आईकडे चहा करायला उभी होती. साखरेशिवायच्या चहाला आईला आलं जास्त लागे, ते शोधत तिने ओट्याखालचं कपाट उघडलं. पुढेच गोळ्यांचा डबा होता, गुरुवारपर्यंतचे खण रिकामे. डब्यामागे दोन नव्या पट्ट्या होत्या. तिने एक उलटून नाव वाचलं. मग दुसरी. एक चरबी कमी करायची, रात्री घ्यायची. दुसरी रक्त पातळ ठेवायची, हृदयासाठी. दोन्ही गोळ्या कशासाठी देतात, कुणाला देतात आणि देण्याआधी कुठले आलेख काढतात, हे तिला तोंडपाठ होतं. आईचा आकडा साधारण किती आला असेल, याचाही अंदाज ती करू शकत होती.

"सापडलं का?" आईने बाहेरून विचारलं.

"सापडलं."

"सोलून घाल. गेल्या वेळी तसंच ठेचून घातलं होतंस, मातीची चव येत होती."

तिने पट्ट्या होत्या तशा डब्यामागे ठेवल्या, छापलेली बाजू भिंतीकडे, आणि कपाट लावून घेतलं. आल्याचा तुकडा नळाखाली धुतला आणि सुरी शोधू लागली.